पॉइंट्स बँकॉकचे, तिकीट आईचं

मंडळी, विमान कंपनीचे पॉइंट्स मी बँकॉकच्या फुकट तिकिटासाठी जपले होते. आज दुपारी संपवले.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ताई पुढच्या महिन्यात गोंदियाला येणार होती. सकाळी फोन आला, बंगळुरूलाच मुलगी झाली! नागपूरहून उद्याचं भाडं पाहून डोळेच पांढरे झाले. पॉइंट्स मात्र नेहमीइतकेच लागत होते. लगेच आईचं तिकीट काढलं.

आई म्हणाली, "इमानं तं आपल्या गोंदियाच्या बिरसी इमानतळावरून दिवसभर उडून राहिले. नागपूरले कायले जायचं?"

"ते पायलट शिकणाऱ्यांचे, आई. आपल्याले नाही बसवत."

"बरं. मंग फुकटच्या तिकिटावर डिंकाचे लाडू नेऊ देतीन का?"

ऐन वेळच्या महागड्या तिकिटालाच पॉइंट्स वसूल होतात, हे आज कळलं. बँकॉक राहू द्या. तुमचे पॉइंट्स कोणाची वाट पाहून राहिले?