पत्रिका जुळवणारा कॅल्क्युलेटर

माझ्या एका थापेमुळे शेजारच्या ताईचं ठरत आलेलं लग्न जवळजवळ मोडलं. कॅल्क्युलेटरचा त्यात काही दोष नव्हता. तो बिचारा सांगितलेलं तेवढंच करत होता.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी इंजिनिअरिंगला होतो आणि आम्ही डोंबिवलीत, कोपरच्या बाजूला राहायचो. मस्कतच्या मामाने कळवलं, ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर आणतो, कुठला हवा ते सांग. सोबत दोन मॉडेलांची माहितीपत्रकं. ती मी जेवतानाही वाचायचो. एकात मेमरी जास्त, दुसऱ्याचा पडदा मोठा. मी मेमरी निवडली. हातात आला त्याच संध्याकाळी चुटपुट सुरू झाली. रंगीत आलेख हवे होते, समीकरणाचं उत्तर अक्षरांत हवं होतं, निदान पडदा तरी काडेपेटीपेक्षा मोठा हवा होता.

तेवढ्यात शेजारच्या काकू तो बघायला आल्या. मी साइनचा आलेख काढून दाखवला.

"एवढंच? ही नागमोडी रेघ काढायला मस्कतहून आणला होय रे?"

मला फार लागलं. म्हणालो, "पत्रिकासुद्धा जुळवतो, काकू."

दुसऱ्या दिवशी काकू खरंच दोन पत्रिका घेऊन हजर. एक त्यांच्या लेकीची, म्हणजे ताईची, दुसरी कल्याणच्या मुलाची. ताईही मागोमाग आली. तिला तो मुलगा किती आवडलाय हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं.

तेव्हाच हसून 'गंमत केली' म्हणायचं होतं. पण मी दोघांच्या जन्मवेळांचे आकडे घालून दोन रेषा काढल्या. दोन्ही पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेल्या, पण एकमेकींना भेटल्या नाहीत.

"अगंबाई, भेटतच नाहीत!" काकू म्हणाल्या.

समांतर नसलेल्या सरळ रेषा कुठेतरी भेटणारच, हे शाळकरी पोरही सांगेल. मी रेंज वाढवली असती तर पडद्याबाहेरचा तो बिंदू आत आला असता. पण आपला पडदा अपुरा पडला, हे माझ्याच्याने कबूल होईना. मी गप्प बसलो. संध्याकाळी कल्याणला निरोप गेला, यंत्रावर पत्रिका जुळत नाही.

पुढच्याच रविवारी मुलाचे वडील थेट आमच्या घरी. निवृत्त हेडमास्तर. "आमच्या गुरुजींनी अठ्ठावीस गुण काढलेत. तुझं यंत्र काय म्हणतं ते माझ्यासमोर काढ."

काकूंच्या मागे उभ्या असलेल्या ताईचे डोळे रडून सुजले होते. मी मुकाट्याने रेंज वाढवली. रेषा भेटल्या.

"कुठे भेटल्या?" मास्तर चष्मा सावरत म्हणाले.

"उजवीकडे, वरच्या कोपऱ्यात."

"म्हणजे उत्तरार्धात भरभराट!"

काकूंनी माझ्या तोंडात साखर घातली आणि कॅल्क्युलेटरला हळदकुंकू वाहिलं. तेव्हापासून बरोबर-चिन्हाचं बटण दाबलं की कुंकवाने आतच अडकायचं. लग्नात मला मानाचा नारळ मिळाला. तो मी घेतला, हे आठवलं की अजून मान खाली जाते.

वर्षभराने मास्तरांनी कल्याणला जेवायला बोलावलं. 'यंत्र घेऊन या' असाही निरोप होता. ते आता मला अहोजाहो करत होते. ताईने आग्रहाने पुरणपोळी वाढली. पानं उचलली गेली आणि मास्तरांनी दोन पत्रिका माझ्यापुढे सरकवल्या.

"आमच्या धाकटीला ठाण्याचं स्थळ आलंय. मुलगा तिच्या मनात भरलाय. पण गुरुजींना आता आम्ही विचारतच नाही. तुमची रेषा म्हणेल तसं."

धाकटी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत माझ्याकडे बघत होती. आता हिचंही सगळं माझ्या बटणांवर आलं होतं. माझा हात पिशवीत गेला आणि तिथेच थांबला.

"मास्तर, हा पत्रिका जुळवत नाही," मी म्हणालो. "कधीच जुळवत नव्हता."

मी ताईकडे वळलो.

"ताई, त्या रेषा भेटणार हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. पडदा लहान पडला म्हणायची लाज वाटली, म्हणून तुला रडू दिलं. चुकलो मी. मला माफ कर."