नानांची केळी आणि आठवा बाइट

प्रेमराजला मी पहिल्यांदा पाहिलं ते धरणगावच्या एका लग्नात. त्याने मांडवाचा विजेचा बोर्ड ‘सुधारायला’ उघडला होता आणि नवरा-नवरी, भटजी, वांग्याचं भरीत व निम्मा खानदेश अंधारात बुडाला होता. अंधारातून एकच उत्साही आवाज येत होता, “दोनच मिनिटं!” माझ्या हिशेबाने ती दोन मिनिटं अजून संपायची आहेत.

हा मेहरूणचा इंजिनिअर. केळी पिकवायच्या खोलीचं यंत्र त्याने स्वतः बनवलं, त्याचा ड्रायव्हरही स्वतःच लिहिला. ड्रायव्हर म्हणजे चिपला हुकूम देणारा प्रोग्रॅम. पौषात चाचणी झकास झाली. पण यंत्रावर विश्वास कोण ठेवणार? ठेवला सासऱ्यांनी, कौतिकनानांनी. एप्रिलात बागेतला अख्खा माल त्यांनी जावयाच्या खोलीत भरला.

खोली एकदा बंद केली की दार उघडायचं नाही, पिकवायचा गॅस निघून जातो; आणि पिकताना केळी तापतात, म्हणून आत थंडी सतत लागते. नाना बाहेर घुटमळत होते.

“जवाईबापू, जरासं उघडी पाहू का?”

“अजिबात नाही नाना! स्क्रीन बघा, थंडी चालू आहे.”

तिसऱ्या दिवशी वास आला. माझ्यासमोरच दार उघडलं, तर आत केळी नव्हती, शिकरण होतं.

प्रेमराज लॅपटॉप घेऊन दारातच बसला. चिपमध्ये थंडीच्या मशीनचं रजिस्टर, म्हणजे तिचा हुकूम ठेवायचा कप्पा, सुरुवातीपासून आठ बाइटांवर होतं. त्याने पॉइंटरला, म्हणजे कप्पा दाखवणाऱ्या बोटाला, ‘आठ पुढे’ सांगितलं होतं. पण त्या पॉइंटरचं एक पाऊल चार बाइटांचं. तो गेला बत्तिसावर, एका रिकाम्या जागी. थंडी चालू झाली का, हे वाचलं तेही तिथूनच. रिकामी जागा ठेवलेलं इमानदारीने परत देते. पौषात खोली मुळातच गार, म्हणून चूक कळलीच नाही.

“म्हणजे निरोप दुसराना घर गया?” नानांनी विचारलं.

“हो.”

“आनि त्यानी ठी लिधा?”

“ठेवला. वर पोचही दिली.”

नाना हसतील म्हणून मी वाट पाहिली. ते खोलीकडे पाहत राहिले. प्रेमराजची मान वर झाली नाही.

त्याने ती ओळ तिथेच दुरुस्त केली. यंत्र आता अचूक चालतं. पण नाना केळी व्यापाऱ्याला कच्चीच देतात, खोलीत कडबा आहे, आणि प्रेमराज धुळ्याला इन्व्हर्टर विकतो.