अर्ध्या अन्नाच्या बाटल्या

लीलाधर पाटील जळगावच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाचा शिपाई होता. मूळचा पारोळ्याकडचा. १९९२ साली चौधरी मॅडमनी म्हातारपणावर संशोधन सुरू केलं आणि त्याच्याकडे माश्या सांभाळायचं काम आलं. पिकल्या केळ्यावर घोंगावतात त्या चिलटांएवढ्या माश्या. त्या दोनेक महिनेच जगतात, म्हणून म्हातारपण अभ्यासायला सोयीच्या. वीस बाटल्यांत पोटभर खाणं, वीस बाटल्यांत निम्मं, पाणी घालून पातळ केलेलं. अर्धपोटी माश्या जास्त जगतात का, हे मॅडमना पाहायचं होतं. लीलाधरने रोज अकराला मेलेल्या माश्या मोजून वहीत लिहायच्या.

एप्रिलमध्ये मॅडम पेपर तपासायला नागपूरला गेल्या. तेवढ्यात लीलाधर मेहुण्याच्या लग्नाला शिंदखेड्याला गेला, आणि एका दिवसाचे चार दिवस करून आला. परत येऊन पाहतो तर उन्हाने पातळ खाणं वाळून खडखडीत झालेलं. अर्धपोटी बाटल्यांपैकी सातांत एकही माशी जिवंत नव्हती. त्याने दार लावून घेतलं. पैदाशीसाठी ठेवलेल्या जादा बाटल्यांतल्या नुकत्याच जन्मलेल्या माश्या त्यांत सोडल्या आणि चार दिवसांचे आकडे अंदाजाने भरले.

त्या कोवळ्या माश्या अर्थातच जगत राहिल्या.

जूनमध्ये मॅडम हरखून म्हणाल्या, "लीलाधर, जवळजवळ दीडपट आयुष्य! पुण्याच्या परिषदेत निबंध वाचतेय. आभारात तुमचं नाव घातलंय." त्यांनी दिलेला पेढा त्याने न खाताच खिशात ठेवला. घरी मात्र त्याने प्रयोगाचं आणि आभारातल्या नावाचं तोंड भरून सांगितलं.

पंधरा दिवसांनी त्याची आई यशोदाबाई चुलीपाशी चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी विचारलं, "या जेवतात ना नीट?"

"दोन आठवडे झाले, अर्ध्या भाकरीवर उठतात," बायको कुंदाबाई म्हणाली.

लीलाधर खाटेपाशी बसला. "आई, असं का केलंस?"

"तूच सांगं व्हतं ना, कमी खादं ते आयुष्य वाढस. माले नातनं लगन देखनं शे."

त्याला तिच्याकडे बघवेना. 'ते खोटं होतं' हे शब्द ओठांवर येऊन परत गेले. "ते माणसांना लागू नाही, तू जेव," एवढंच तो पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी कॉलेज उघडायच्या आधीच तो मॅडमच्या दारात उभा होता. उभ्याउभ्याच त्याने सगळं सांगितलं. मॅडमनी वही उघडली. "कुठल्या सात?" त्याने एकेक दाखवली. त्यांनी सातही रकान्यांवर तांबड्या पेन्सिलीने रेघ मारली.

"मेलेल्या दाखवल्या असत्यात, तर मी फक्त उन्हाला शिव्या दिल्या असत्या, लीलाधर."

त्यांनी निबंध मागे घेतल्याचं पत्र पुण्याला पाठवलं. प्राचार्यांकडे तक्रार केली नाही. ओरडल्याही नाहीत, आणि तेच त्याला जास्त लागलं.

पावसाळ्यानंतर प्रयोग पुन्हा मांडला. या खेपेला मॅडम रोज अकराला स्वतः यायच्या, रविवारीसुद्धा. लीलाधर बाटली उजेडात धरायचा, त्या मोजायच्या आणि आकडा मोठ्याने म्हणायच्या. वही मात्र त्यांनी त्याच्याकडेच ठेवली होती. लिहिताना त्याची मान वर होत नसे.

अर्धपोटी माश्या या वेळी आठच दिवस जास्त जगल्या. मॅडमनी नव्या निबंधात तेवढंच लिहिलं.