आधी घरी जाऊन विचारायचं

गुरुवारी संध्याकाळी आमच्या मागच्या बाल्कनीत बटाटेवड्यांचा वास येतो. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीची मागची भिंत आणि एका मंगल कार्यालयाचं स्वयंपाकघर यांच्यात जेमतेम एक स्कूटर उभी राहील एवढीच जागा आहे. त्यामुळे तिथे लग्न असो, मुंज असो की बारसं, आमंत्रण नसतानाही पंगतीत काय आहे ते आम्हाला आधी कळतं. पण गुरुवारचा वास वेगळा. पिठात ओवा चुरडलेला, लसूण जरा सढळ, आणि मागोमाग आल्याच्या चहाची वाफ. कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावरच्या लहान हॉलमध्ये दर गुरुवारी समाजसेवा करणाऱ्या एका क्लबची साप्ताहिक सभा भरते, तिचा हा वास. कितीतरी वर्षं मी आणि हे, म्हणजे माझे यजमान, त्या सभेला न चुकता जायचो. आता वास आला की मी वाळत घातलेले कपडे काढते आणि बाल्कनीचं दार लावून घेते. कपडे बहुधा ओलेच असतात.

बाहेरून पाहणाऱ्याला क्लब म्हणजे हार, शाली आणि फोटो. तसं ते होतंही. एखाद्या शाळेला दिलेल्या पाण्याच्या टाकीपेक्षा तिच्यावरचा देणगीदारांचा फलक डोळ्यांत भरायचा, आणि सभेची सुरुवात घंटा वाजवून होते म्हणून माझ्या माहेरची माणसं ‘क्लबात चाललीस की देवळात?’ असं मला चिडवायची. पण मला तिथे मनापासून आवडायचं. रविवारी सकाळी डबे घेऊन टेकडीवरच्या झाडांना पाणी घालायचं, कात्रजकडच्या एका वस्तीत मुलांचा अभ्यास घ्यायचा, दिवाळीआधी कार्यालयाच्या आवारात मांडव घालून चकली-चिवडा विकायचा आणि त्यातून कुणाच्या तरी शस्त्रक्रियेला हातभार लावायचा. चकली मोडकी निघाली म्हणून परत करायला येणारी गिऱ्हाइकंही पुण्याचीच. ‘अहो, मोडूनच खायची असते’ हे त्यांना सांगायचं काम माझ्याकडे होतं. उतारवयात माणसाला असा एक वार लागतो, ज्या वारी कुणीतरी आपली वाट पाहत असतं. आमचा तो वार गुरुवार होता.

ह्यांची सगळी नोकरी पाणीखात्यात गेली. आम्ही शनिवार पेठेत भाड्याने राहायचो तेव्हा कुठल्या बोळात नळाला धार बारीक येते हे ह्यांना आधी माहीत असायचं, आणि घरच्या गळक्या नळाचं मात्र मला ओरडून सांगावं लागायचं. क्लबात ह्यांना मान होता तो वेगळ्याच कारणासाठी. निधी गोळा करण्याच्या कार्यक्रमात आवाहनाच्या आधी कुणीतरी एक खरी गोष्ट सांगायची, ही रीत ह्यांनी घातली. आकडे ऐकून हात खिशाकडे जात नाही, समोर माणूस दिसला की जातो, असं ह्यांचं म्हणणं. पण त्या रीतीला ह्यांनी एक कडक नियम जोडला होता. ज्याची गोष्ट, त्याच्या घरी आधी जायचं, घरच्यांसमोर बसून विचारायचं, आणि त्याने नुसत्या कपाळाला आठ्या घातल्या तरी ती गोष्ट सोडून द्यायची. नाव घेणार नाही, एवढं आश्वासन पुरेसं नाही. ‘अरे, नाव झाकलं म्हणजे माणूस झाकला जात नाही,’ असं हे बजावायचे. ज्याला बजावायचे तो आमचा मित्र. ह्यांच्याहून बराच लहान, ह्यांना दादा म्हणणारा, मला वहिनी. माइकसमोर उभं राहून गोष्ट कशी सांगायची हे त्याला ह्यांनीच शिकवलं. कुणाला विचारायला जायचं असलं की दोघं एकाच स्कूटरवर जायचे आणि परतताना आमच्याकडे थांबून माझ्याकडून पोहे वसूल करायचे.

मग ह्यांचं विसरणं सुरू झालं. आधी नावं, मग वार, मग गॅसवरचं दूध. डॉक्टरांनी त्या विसरण्याला एक नाव दिलं आणि आम्ही दोघांनी ते नाव घरातच ठेवलं. एकदा कोथिंबीर आणायला गेलेले हे दुपार झाली तरी परतले नाहीत. मी जिन्यात उभी. तेवढ्यात तो मित्र ह्यांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन आला. मांडीवर कोथिंबिरीची पिशवी घेऊन हे बसडेपोतल्या बाकावर बसले होते. शनिवार पेठेत, आपल्या घरी जाणाऱ्या बसची वाट पाहत. समोरच्या बाई दार किलकिलं करून बघत होत्या. त्यांच्याकडे एक नजर टाकून तो मोठ्याने म्हणाला, ‘वहिनी, रागवू नका. दादांना मीच गप्पांत अडकवलं.’ असं खोटं ज्याला आपसूक सुचतं त्याच्यावरून जीव ओवाळून टाकावा असं मला वाटलं. आत पाणी पिता पिता ह्यांनी त्याचा हात धरला. ‘क्लबात नको रे कळायला. तिथे तरी मी अजून पहिल्यासारखा आहे.’ तो म्हणाला, ‘दादा, हे आपल्या तिघांत.’ त्याचे डोळे भरून आले होते. ते खरे होते, असं मी आजही म्हणेन.

त्यानंतर तो दर गुरुवारी आम्हाला न्यायला यायचा. बायकोने नवऱ्याला चारचौघांत नावं पुरवली तर ते लगेच दिसतं, मित्राने पुरवली तर दिसत नाही. समोरून कुणी आलं की हा आधीच ‘या, दातांचे डॉक्टर!’ असं म्हणायचा, आणि हे निर्धास्तपणे दातांच्या डॉक्टरांची चौकशी करायचे. किती हुशारीने आणि किती मायेने करायचा तो हे! ती माया आठवली की माझा राग आणखीच वाढतो.

नव्या वर्षी तो अध्यक्ष झाला. क्लबात अध्यक्षपद एकाच वर्षाचं असतं, आणि तेवढ्यात आपल्या नावावर काहीतरी कायमचं उभं राहावं अशी प्रत्येकाला घाई. त्याला विसरू लागलेल्या वृद्धांसाठी दिवसभराचं केंद्र काढायचं होतं. ही कल्पना कुठून आली ते मला कळत होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं कौतुकच वाटलं होतं. निधीसाठी कुटुंबमेळावा ठेवला. मी ठेवणीतली इंदुरी नेसले, ह्यांना कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. खालच्या मोठ्या हॉलमध्ये आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. खऱ्या गोष्टीची वेळ आली तेव्हा तो स्वतःच माइकपाशी गेला. ‘आपल्यातलेच एक गृहस्थ,’ अशी त्याने सुरुवात केली. कोथिंबीर आली, पिशवी आली, डेपोतलं बाक आलं. शेवटी आवाज खाली आणून तो म्हणाला, ‘ज्यांनी जन्मभर गल्लीगल्लीत पाणी पोचवलं, त्यांना आज स्वतःची गल्ली सापडत नाही.’

वाक्य छान जमलं होतं. ते जमवायला त्याने वेळ घेतला असणार, आरशासमोर म्हणूनही पाहिलं असणार. नाव त्याने घेतलं नाही. गरजच नव्हती. पुढच्या रांगेतल्या माना वळल्या, आणि कीव आली की माणसं जसं हसतात तसं कुणीतरी आमच्याकडे पाहून हसलं. पाकिटं भराभर पुढे सरकू लागली. हे ताठ बसून होते. मला वाटलं, समजलं नसेल. देवा, समजलं नसू दे. मग हे माझ्याकडे वळले आणि अगदी हळू म्हणाले, ‘अगं, घरी येऊन त्याने मला विचारलं असेल, नाही का? मीच विसरलो असेन.’

मी ह्यांचा हात घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. ‘वहिनी, आत तरी या,’ तो म्हणाला. ‘इथेच बरी आहे. ह्यांना विचारलं होतंत?’ तो म्हणाला, ‘विचारलं होतं ना. रविवारी टेकडीवर. दादा हो म्हणाले होते. आता त्यांना आठवत नसेल तर...’ पुढचं वाक्य त्याने हवेत सोडून दिलं. गोष्ट सांगितल्याचा राग कदाचित कालांतराने ओसरला असता. कामाच्या ओघात, टाळ्यांच्या मोहात माणूस घसरतो. पण हे उत्तर! ज्या आजारात तो ह्यांच्या पाठीशी उभा राहिला, त्याच आजाराच्या आड आता तो स्वतः लपत होता. साक्षीला उभा करत होता असा माणूस, ज्याला साक्ष देता येणार नव्हती. घरच्यांसमोर बसून विचारायचा नियम ह्यांच्याकडून शिकलेला मनुष्य मला टेकडीवरचा होकार ऐकवत होता. आणि गुडघ्यांमुळे ह्यांनी टेकडी केव्हाच सोडली होती. घाईघाईत तेवढं मात्र तो विसरला.

आम्ही क्लब सोडला. लोक म्हणाले, ‘जाऊ द्या हो, केंद्र तर उभं राहिलं ना?’ राहिलं. चांगलं राहिलं. दगाबाजीतून उभं राहिलेलं काम नासकं निघावं अशी माझी फार इच्छा होती, पण जगात तसं होत नाही. खोल्या स्वच्छ, खिडक्यांतून ऊन, सांभाळणाऱ्या मुली हसतमुख, असं सगळे सांगत. ‘ह्यांना तिथे पाठवणार नाही’ या हट्टाला मी चिकटून राहिले. शेवटी एका सकाळी न्हाणीघरात ह्यांना सावरताना मीच पडले. परगावाहून मुलगी धावत आली. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, ‘आई, राग तुझा आणि फरफट बाबांची.’ दुसऱ्याच दिवशी मी केंद्राचा अर्ज भरला.

आता हे केंद्रात जातात. उन्हात बसून मटार सोलतात, मधूनच उठून नळ नीट बंद आहे ना ते बघतात. मध्यंतरी एकदा मी ह्यांना आणायला गेले तेव्हा तो मित्र तिथे होता. अध्यक्षपद कधीच संपलेलं, केस पिकलेले. ह्यांच्या खुर्चीपाशी तो जमिनीवर बसला होता. मला पाहूनही उठला नाही. माझ्यादेखतच म्हणाला, ‘दादा, मी विचारलं नव्हतं. वहिनींशी खोटं बोललो. मला माफ करा.’ हे प्रसन्न हसले. हातातली मटारची शेंग त्याच्या तळहातावर ठेवत म्हणाले, ‘अहो, काही हरकत नाही. आपण इथे नवीन का?’

ज्याला जन्मभर अरेतुरे केलं त्याला हे अहोजाहो करत होते. त्याने माझ्याकडे पाहिलं. ‘वहिनी, तुम्ही तरी...’

‘भावजी,’ मी म्हणाले, ‘आमच्या घरात विसरायचं काम एकाकडे आहे. मला ते जमत नाही.’

राग सोड, तब्येतीला बरा नाही, असं मला सगळेच सांगतात. खरंही असेल. पण ह्यांचं एकेक काही गळत चाललं आहे. मुलीचं नाव गेलं, जेवणाची चव गेली, परवा माझ्याकडे पाहून ‘तुमचे यजमान कुठे असतात?’ असं विचारून झालं. त्या संध्याकाळी पांढरा शर्ट घालून माझ्याशेजारी बसलेला माणूस, ज्याला आपला झालेला अपमान नीट कळला होता आणि तरीही ज्याने मित्राचा दोष आधी स्वतःकडे ओढून घेतला, तो आता ह्यांच्यातही उरलेला नाही. तो फक्त माझ्या रागात आहे. राग सोडला तर तोही जाईल, म्हणून मी सोडत नाही.