घळीतला भुईचाफा

आठवडाभर सुप्याच्या कंपनीत उभ्यानं काम करायचं, रविवारी केडगावच्या खोलीवरून निघून पाथर्डीची एसटी धरायची, पुढं जीपमध्ये अंग चोरून बसायचं. एवढं करून घरी पोचलं की आई म्हणायची, "चल डोंगरात." त्या वर्षी मला तिचा राग यायचा. पायात गोळे आलेले असायचे, आणि हिला फुलं बघायची असायची.

आई-बाबांचा एक कोयता. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयताच म्हणतात. दिवाळी झाली की जायचे, ऊन तापायला लागलं की परतायचे. परतल्यावर बोचकी दारात टाकायची आणि कुलूप न उघडता आधी घळीत जाऊन भुईचाफा बघून यायचा, हा दोघांचा नेम. पान नाही, फांदी नाही, पाचोळ्यातून थेट जमिनीवर उमललेली पांढरी-जांभळी फुलं. आम्ही पोरं भुकेनं रडकुंडीला यायचो, पण फुलं बघितल्याशिवाय चूल पेटायची नाही. "आपन आलो की ती येत्यात," आई म्हणायची. लग्नानंतर एकही हिवाळा तिनं गावात काढला नव्हता. तिला दुसरं काही कळणार तरी कसं?

त्या वर्षी तिचा गुडघा कामातून गेला. बाबा माझ्या चुलतभावाला जोडीला घेऊन गेले, आई पहिल्यांदा मागं राहिली.

शिमग्याच्या आधीच्या रविवारी काठी टेकत, थांबत बसत तिनं मला घळीत नेलं. सागाचा पाचोळा सारला तर खाली दोन फुलं उमललेली, शेजारी कळ्या. मी मोबाईल काढला. आईचं तोंड मात्र उतरलं.

"आत्ताच कशी आली? हे तर आले न्हाईत."

"फुलं काय मुकादमाला विचारून येतात?" मी म्हणाले. तिला हसू आलं नाही.

संध्याकाळी तिनं बाबांना फोन लावला. फुलांचं काही सांगितलं नाही, उगाच त्यांचा जीव लागून राहील म्हणून. "कवा येता?" एवढंच विचारलं.

"कारखाना चालू हाय अजून. लई ऊस उभाय," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजातला शीण मला बाजूला बसून ऐकू येत होता.

एक फूल दिवसभर टिकायचं, मग मागून दुसरं यायचं. बाबा येईपर्यंत एखादं तरी राहावं, आईचं एवढंच मागणं. शेरडांनी तुडवू नये म्हणून तिनं भोवती बाभळीच्या फांद्या रचल्या. बाटलीनं पाणी नेऊन ओतायची. तो गुडघा घेऊन, रोज. मी चिडायचे आणि बाटली माझ्या हातात घ्यायचे.

जयंतीला वस्तीत निळे झेंडे लागले, गाण्यांनी कान किटले. बाबा आले नाहीत. त्याच आठवड्यात शेवटचं फूल सुकलं. पुढं कळी नव्हती, तरी आई पाणी घालत राहिली.

बाबा आले तेव्हा मी घरीच होते. टेम्पोतून उतरले ते निम्मे होऊन. बोचकं दारात टाकलं. दार उघडं होतं, पण आत पाऊल टाकलं नाही. "चल," आईला म्हणाले.

"बाबा, आधी पाणी तरी प्या," मी म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

घळीत पोचल्यावर बाबांनी फांद्या बाजूला केल्या आणि गुडघ्यांवर बसले. उसाच्या पात्यांनी चिरलेल्या हातांनी पाचोळा सारला. खाली नुसती माती. मला ते बघवेना.

बाबा मात्र वर बघून हसले. इतक्या दमलेल्या माणसाला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"बघ, आली न्हाईत अजून," ते आईला म्हणाले. "आपन दोघं असल्याबिगर येत न्हाईत ती."

मी काही बोलणार, तोच आईनं माझा हात दाबला. मग काठी टाकून, दुखरा पाय लांब करून ती त्यांच्याजवळ मातीत बसली.

"व्हय," ती म्हणाली. "तुमचीच वाट बघत हुती."