ऑईलचं टोपण

चालू इंजिनावरचं ऑईलचं टोपण काढायचं, ते उलटं करून त्याच भोकावर अलगद ठेवायचं आणि दोन पावलं मागे सरून हात पाठीशी बांधायचे. जुनी गाडी बघायला गेले की मिस्त्री सगळ्यात आधी एवढंच करत. रंग, गाद्या, टायर हे सगळं नंतर. मालक गाडीचे गुण सांगत असे आणि मिस्त्री त्या टोपणाकडे बघत असत, चुलीवरच्या दुधाकडे बघावं तसं.

टोपण जागेवर बसून राहिलं तर इंजिन बरं. नाचायला लागलं तर इंजिन आतून झिजलेलं. आतला दाब निसटून त्या भोकातून वर येतो. हे मला त्यांनीच शिकवलं. "टोपण नाचलं की आपण नाचायचं न्हाई," असं म्हणून ते गिऱ्हाइकाला चहाला घेऊन जात.

कराडात तुमच्यापैकी कुणी जुनी गाडी घेतली असेल तर तुम्ही त्यांना पाहिलं असेल. बुटके, डोक्यावर विणलेली पांढरी टोपी, तिची कड कायम काळी. समोर कुणी आलं की "ऑईल बघितलंस का?" हाच त्यांचा रामराम. एकदा लग्नाच्या मांडवात त्यांनी नवरदेवालाही हेच विचारलं होतं. 'मिस्त्रींनी बघितलीय' एवढं म्हटलं की घेणारा दुसरं काही विचारत नसे.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. ते एकदा मी त्यांना न विचारता वापरलंय, तेवढं पुरे.

माझे वडील लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. रोज सकाळी ते मिस्त्रींच्या गॅरेजात एका लोखंडी स्टुलावर बसून पेपर वाचत. तरुणपणी पंजाबात एका कालव्याकाठच्या छावणीत त्यांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी शिसवाची रोपं लावली होती. ती झाडं किती वाढली ते एकदा बघायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. दोन वर्षं मी ते पुढे ढकललं. मग त्यांच्या छातीचं दुखणं निघालं आणि डॉक्टर म्हणाले, जायचं तर याच दिवाळीत जा.

त्यांना वाटेत वरचेवर थांबावं लागे आणि रेल्वे हवी तिथे थांबत नाही. म्हणून आडवं होता येईल अशी व्हॅन घ्यायची ठरवली. साताऱ्याचा धाकटा भाऊ गाडी चालवणार होता आणि बायको-मुलांना बरोबर आणणार होता. त्याची अट एकच. "माझी पोरं बसणार हायत त्यात, दादा. मिस्त्री हो म्हणाले तरच घे."

मिस्त्रींनी तीन व्हॅन नापास केल्या. एक लोणंदला, दोन कराडातच. मी शिकवतो त्या शाळेच्या सुट्टीला आठ दिवस उरले तेव्हा सांगलीत चौथी सापडली. मालक वयस्क जैन व्यापारी होते. घरच्यांना तीर्थयात्रेला नेऊन आणून त्यांनी ती दोन लाख सत्त्याऐंशी हजार किलोमीटर चालवली होती. त्यांनीच आकड्यावर बोट ठेवलं. "हा खरा आहे. फिरवलेला नाही."

मिस्त्रींनी इंजिन चालू करायला लावलं, टोपण उलटं ठेवलं आणि मागे सरले. टोपण थरथरलं, दोनदा उडालं आणि टणकन खाली पडलं.

"माणूस खरा हाय," मिस्त्री मला हळूच म्हणाले, "पर गाडी दमलीया. मिरज-कोल्हापूर कर खुशाल. पंजाब न्हाई."

तेवढ्यात भावाचा फोन आला. मिस्त्री माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. भावानं विचारलं, मिस्त्री काय म्हणाले? माझ्या डोळ्यांसमोर वडिलांची ट्रंक होती. ती त्यांनी त्या सकाळीच माळ्यावरून काढायला लावली होती.

"चालेल म्हणाले," मी म्हणालो.

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मग वाकून जमिनीवरचं टोपण उचललं, फडक्यानं पुसलं आणि पीळ देऊन जागेवर बसवलं.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले होते. बाहेर बघतच म्हणाले, "मास्तर, माझ्या तोंडानं बोललास रं तू."

मी म्हणालो, वडिलांची अवस्था तुम्ही बघताच आहात.

"बघतो की. रोज स्टुलावर बसून झाडंच सांगत असतोय हवालदार. पर गाडी भाऊ चालवणार हाय. त्याला खरं सांग. मग तुमी तुमच्या जिवावर जावा."

सांगतो म्हणालो.

गाडी आल्यावर त्यांनी तीन दिवस दुसरं काम घेतलं नाही. पाण्याचे पाइप बदलले, पट्टे बदलले, ब्रेक खोलून साफ केले. जे बाहेरून धरता येतं ते सगळं धरलं. आतलं इंजिन उघडायला दिवस नव्हते. वडील स्टुलावरून सूचना देत होते आणि मिस्त्री त्या ऐकल्यासारखं करत होते. निघायच्या सकाळी त्यांनी ऑईलचे दोन डबे माझ्या पायाशी ठेवले. दर दोनशे किलोमीटरला ऑईल बघ, चढाला हाणू नका, म्हणाले. मग जवळ येऊन विचारलं, "भावाला सांगितलंस?"

मी मान हलवली. होकाराची.

त्या प्रवासाचं मला फारसं काही आठवत नाही. आठवते ती ऑईल मोजायची पट्टी. ती बाहेर काढायची, पुसायची, परत घालायची, काढून उन्हात धरायची. दर वेळी खूण थोडी खाली. वडील पुढच्या सीटवर बसून नातवंडांना छावणीच्या गोष्टी सांगत होते. भाऊ वैतागला. "सारखं काय बघतोस, दादा? मिस्त्रींनी बघितलीय न्हवं?" तीन दिवसांत दोन्ही डबे संपले. भावाला सांगायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा पुढच्या ढाब्यावर थांबू म्हणालो.

राजस्थानात एका लांब चढावर आरशात निळा धूर दिसला. भाऊ गाडी कडेला घ्यायच्या आत आतून घाव घातल्यासारखा आवाज झाला आणि इंजिन जाम झालं. व्हॅन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागून येणाऱ्या भरलेल्या ट्रकनं ब्रेक दाबले. त्याची चाकं घासत आली आणि त्याचं नाक आमच्या मागच्या काचेपासून दोन-तीन हातांवर थांबलं. काचेच्या आत भावाची धाकटी मुलगी झोपली होती.

वडिलांना बाभळीखाली बसवलं. चार तास ते तिथे होते. परत जाऊ या, असं शेवटी तेच म्हणाले. रेल्वेनं घरी आलो. पुढच्या दिवाळीला ते नव्हते.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी भाऊ थेट गॅरेजात गेला. मी त्याच्या मागोमाग गेलो. वडील नेहमीच्या स्टुलावर होते. आणखी चार गिऱ्हाइकं होती.

"डोळं फुटलं व्हतं काय तुमचं?" भाऊ ओरडला. "पोरगी मेली असती माझी."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी त्याला सांगितलंच नव्हतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. मला वाटलं, आता बोलतील. बोलावेत, असंही वाटलं. त्यांची नजर माझ्यावरून वडिलांवर गेली. वडील हातातला पेपर न वाचता तसाच धरून बसले होते.

"चुकलं असंल माझं," मिस्त्री म्हणाले.

मी तिथेच उभा होतो. चार पावलांवर. मी काहीही बोललो नाही.

कराड फार मोठं गाव नाही. त्यानंतर मिस्त्रींना गाडी दाखवायला नेणं लोकांनी हळूहळू सोडलं. कुणी चुकून विचारलंच तर तेच म्हणत, आता नजर राहिली न्हाई, दुसरा कोणतरी बघा. मी गॅरेजावरून जात असलो की ते हाक मारत, "ऑईल बघितलंस का?" त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी स्कूटर न थांबवता हात करत असे.

यंदा हिवाळ्यात ते गेले. भाऊ माझ्याकडे जेवायला आला होता, तेव्हा बातमी कळली. तो म्हणाला, माणूस वाईट नव्हता, आपली गाडी तेवढी चुकली त्याची. तेव्हा मी सांगितलं. सांगलीतला फोन, एसटी, होकाराची मान, सगळं. तो ताटावरून उठला, हात धुऊन आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"मग म्या शिव्या घातल्या त्या कुणाला?" एवढंच म्हणाला.

मिस्त्रींची बायको, आमची चाची, आता कवठे महांकाळला मुलीकडे असते. गेल्या रविवारी आम्ही दोघं तिथे गेलो. चहा येईपर्यंत मी थांबलो नाही. टोपण उडालं होतं, मिस्त्री नाही म्हणाले होते, 'चालेल' हा शब्द माझा होता, असं सांगून टाकलं. भाऊ खाली मान घालून बसला होता.

चाची उठली आणि कपाटातून चष्म्याचं घर घेऊन आली. आत नवाकोरा चष्मा होता, काचेवरचा कागद तसाच.

"त्या भांडणानंतर म्याच धरून न्हेलं त्यास्नी मिरजेला," ती म्हणाली. "डोळ्याचा डॉक्टर म्हणला, नजर चांगली हाय, काय बी झालेलं न्हाई. म्या त्याच्याशी भांडले. म्हणलं, इंजान झिजलं व्हतं म्हंजी टोपण उडलंच असणार, मग ते कसं दिसलं न्हाई? चष्मा द्याच."

"आणि मिस्त्री?" मी विचारलं.

"गप बसलं व्हतं शेजारी. डॉक्टरनं फळ्यावरची अक्षरं वाचायला लावली, तर बारकी ओळ मुद्दाम चुकवली त्यांनी. मला तवाच कळाया पायजे व्हतं."

तिनं चष्मा पदरानं पुसला आणि परत त्याच्या घरात ठेवला. मी हात पुढे केला होता, मला दिला नाही.