झाडलेलं रान

दर रविवारी आम्ही नवरा-बायको मोटरसायकल काढतो. हमरस्ता सोडून खेड्यापाड्यांतून हिंडायचं आणि कुठंच फार वेळ टेकायचं नाही, असं आमचं चालतं. चहासुद्धा आम्ही उभ्यानं पितो.

गंगापूरच्या अलीकडं एका मोकळ्या रानात एक धनगर बाई दिसली. तिची माणसं मेंढरं घेऊन मागून येत होती आणि ती घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढं आली होती. घोड्यावरचं ओझं उतरवायच्या आधी तिनं खराटा काढला, ढेकळं बाजूला सारली आणि खोलीएवढी जागा स्वच्छ झाडली. त्यावर पाणी शिंपडून चुलीचे तीन दगड मांडले.

आमची बाटली संपली होती, म्हणून पाणी मागायला गेलो. नवऱ्यानं झाडलेल्या जागेत पाय ठेवला.

"दादा, बूट तिकडं काढा. घर हाय ते," ती म्हणाली.

भिंत नव्हती, दार नव्हतं. तरी आम्ही निमूट बूट काढले. तिनं तांब्या विसळून भरून दिला.

"कुठं निघालात ताई?"

"कुठं नाही, असंच. सुट्टीच्या दिवशी घरात करमत नाही."

ती घोड्याची मान थोपटत हसली. "आम्हाला मेंढरं बसू देत नायत. तुम्हाला कोण बसू देत नाय?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघायचं टाळलं.

संध्याकाळी चिकलठाण्याला फ्लॅटचं कुलूप उघडता उघडता नवरा म्हणाला, "पुढच्या रविवारी अजिंठ्याकडं जाऊ."

मी लगेच हो म्हणाले. मग दोघंही बुटांसकट आत शिरलो.